मारायची परवानगी, हुकायची बंदूक

गेल्या आठवड्यात गावाहून पुतण्याचा फोन आला. संगमेश्वर तालुक्यात आमचं गाव. मी इथे माणिकपूरला गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो, खाली रिक्षांचा गोंगाट, आणि पलीकडून हा ओरडून विचारतोय, "काका, तुम्ही एनसीसीवाले. बोल्टची, नेमकी लागणारी आणि परवडणारी रायफल कुठली, तेवढं सांगा!"

शेजारचे गृहस्थ पुढ्यात बसले होते. त्यांनी ऐकलं आणि हसून म्हणाले, "काय सर, या वयात शिकार?"

मित्रहो, त्या हसण्यावरूनच हे सगळं लिहायला घेतलं आहे.

शिकार हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे राजेरजवाडे येतात, वाघाच्या अंगावर पाय ठेवून काढलेले फोटो येतात. तो काळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवला आणि फार चांगलं केलं. शौकाची शिकार या देशात गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहावा. पुतण्या बोलत होता ते भाताच्या खाचराबद्दल. रात्री रानडुकरांचा कळप शिरला की सकाळी तिथे शेत नसतं, चिखल असतो. खातात त्याहून जास्त तुडवतात, उकरतात.

अशा वेळी काय करायचं हे कायद्याला ठाऊक आहे. याच कायद्याच्या ११ व्या कलमात, उभ्या पिकाला धोका झालेल्या काही प्राण्यांना मारण्याची लेखी परवानगी अधिकारी देऊ शकतात. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूचींची फेरमांडणी झाली, रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आलं, तरी ही वाट बंद झालेली नाही. मारलेलं डुक्कर अर्थात सरकारचं, त्याला हात लावायचा नाही. इथपर्यंत सगळं ठीक.

पण मारायचं कशाने?

त्याचं उत्तर दुसऱ्या कायद्यात आहे. १९५९ चा शस्त्र कायदा, कलम १३. पीक राखणाऱ्याला द्यायची ती ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी एखादी गुळगुळीत नळीची बंदूक. रायफलीचं नाव त्या ओळीत नाही. रायफल हवी तर योग्य कारण आहे हे वेगळं पटवून द्यायचं, आणि पटलं की नाही ते साहेबांनी ठरवायचं.

म्हणजे एका हाताने मारायची परवानगी द्यायची आणि दुसऱ्या हाताने हुकणारी बंदूक द्यायची. माझं भांडण आहे ते याच्याशी.

ज्यांनी ठासणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंध्या किंवा काथ्या ठासायचा, मग छरे किंवा शिशाची गोळी, पुन्हा ठासायचं, मागे केप लावायची. दारू हाताच्या अंदाजाने, म्हणून प्रत्येक बार वेगळा. कोकणातल्या दमट हवेत कधी नुसतीच केप वाजते आणि दारू पेटतच नाही. गोळी नळीत सैल, ती भिंतींना आपटत बाहेर पडते आणि वाट फुटेल तिकडे जाते. आणि पहिला बार हुकला तर दुसरा भरेपर्यंत डुक्कर डोंगरापलीकडे.

दोन वर्षांपूर्वी भातकापणीच्या आधी मी गावी होतो. दादाकडे, म्हणजे माझ्या चुलतभावाकडे, रीतसर परवाना होता आणि डुकरासाठी रीतसर कागदही होता. संध्याकाळी माळ्यावर आम्ही दोघे. तीसेक पावलांवर डुक्कर आलं. दादाने बार काढला. धूर, आवाज, किंकाळी, आणि जनावर जाळीत गडप. सकाळी रक्ताचा माग काढत गेलो, तो पऱ्यापाशी हरवला. तिसऱ्या दिवशी वासावरून सापडलं. मागचा पाय मोडलेला, पोटात छरे. ते किती वेळ जिवंत होतं हे मी विचारलं नाही. दादा मात्र घरी येऊन नुसता ओटीवर बसून राहिला. वहिनीने पुढ्यात ठेवलेला चहा तसाच निवला. दादा क्रूर माणूस नाही हो. त्याच्या हातात दिलेलं साधन क्रूर होतं.

एनसीसीचं काम मी शाळेत बरीच वर्षं पाहिलं. आमच्याकडे पॉइंट बावीसची बोल्टची रायफल होती. पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या. एखादा मुलगा पहिलीच गोळी मधोमध मारायचा, मग बाकीच्या चार चहूकडे, आणि तरी तो छाती फुगवून उठायचा. दुसऱ्याच्या पाचही डाव्या कोपऱ्यात, पण एका रुपयाखाली झाकतील इतक्या जवळ. आमचे उस्ताद दुसऱ्याला शाबासकी द्यायचे. कारण डावीकडचा नेम माशी सरकवून मधे आणता येतो, विखुरलेला आणता येत नाही. फौजी हिंदीत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. मराठीतही शिस्तीचा तो जुना अर्थ आहेच. मुलांना मी सांगायचो, दोन्ही अर्थ एकच समजा!

रायफलच्या नळीत आतून आटे असतात. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते, आणि फिरता भोवरा जसा पडत नाही तशी ती वाट सोडत नाही. बोल्ट म्हणजे नळीच्या मागच्या दाराची कडी. दर वेळी तशीच, तितकीच घट्ट बसते, म्हणून दर वेळी गोळी सारखीच सुटते. जर्मनीच्या माउझरने १८९८ साली ही रचना जवळजवळ पूर्णत्वाला नेली आणि आजच्या बहुतेक शिकारी रायफली त्याच वाटेने चालतात. जिम कॉर्बेट यांची ती प्रसिद्ध पॉइंट २७५ रिग्बी याच जातीची. म्हणजे मी काही नवीन मागत नाही, सव्वाशे वर्षांपूर्वीचं मागतो आहे.

आता पुतण्याचा प्रश्न. परवडणारी कुठली? परदेशात आज साध्या किमतीच्या बोल्ट-रायफली कागदावर फार सुंदर नेम देतात, त्यांचे व्हिडिओ पाहून आमची पोरं हुरळतात. पण १९८०च्या दशकापासून सामान्य माणसाला शस्त्र आयात करणं बंद आहे. जुनी विलायती रायफल कुणाकडे मिळालीच तर तिची किंमत ऐकून शेतकऱ्याने परत फिरावं. उरते ती इछापूरच्या सरकारी कारखान्याची पॉइंट ३१५. इंग्रजांनी फौजेचं पॉइंट ३०३ काडतूस सामान्यांना बंद ठेवलं होतं, म्हणून हे वेगळं माप चालत आलं. रायफल ली-एनफिल्डच्या घडणीची, दणकट, आणि काडतूस देशात मिळतं. जिचं काडतूस मिळत नाही ती रायफल कितीही नेमकी असो, भिंतीवर टांगायच्या कामाची.

तिला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. खटका जड, लाकूडकाम ओबडधोबड. खरं आहे. पण हिशेब करून पाहा. नेमबाज लोक 'एक मिनिट' म्हणतात ते १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर. समजा रायफल अगदी सामान्य निघाली, चार मिनिटांची. तरी १०० मीटरवर तिच्या गोळ्या साधारण १२ सेंटिमीटरच्या वर्तुळात पडतील, ५० मीटरवर ६ सेंटिमीटरच्या. माळ्यावरून डुक्कर दिसतं तेच तीस-चाळीस मीटरवर, आणि त्याच्या काळजाची जागा हाताच्या पंजाएवढी. म्हणजे शेतकऱ्याला ऑलिंपिकची रायफल नको आहे. साधी पुरते, पण ती रायफल हवी.

म्हणून पुतण्याला सांगितलं ते असं. किंमत आणि नाव शेवटी बघ. आधी दस्ता खांद्याला नीट बसतो का, खटका झटका न देता सुटतो का, बोल्ट सहज फिरतो का ते पाहा. एकाच कारखान्याच्या दोन रायफली सारख्या नसतात, तेव्हा परवाना हातात आला की रेंजवर कोरा कागद लाव आणि पाच गोळ्या झाडून बघ. दुर्बीण लावायची तर बूड घट्ट हवं, नाहीतर साधी माशी बरी. आणि पैसे उरले तर काडतुसांवर आणि सरावावर घाल. चांगली रायफल विकत मिळते, चांगला नेम मिळत नाही.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप खरोखरच वजनदार आहे. छरा थोड्या अंतरात मरतो, रायफलची गोळी किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. वाडीवस्तीच्या कोकणात ती कुठे जाईल? अगदी बरोबर. म्हणूनच मी म्हणतो, बार माळ्यावरून खालीच काढायचा, गोळीच्या मागे माती किंवा धस हवीच, आणि ती नसेल तर डुक्कर समोर उभं राहिलं तरी खटक्याला बोट लावायचं नाही. हे शिकवता येतं. आम्ही चौदा वर्षांच्या मुलांना शिकवलं आहे!

दुसरे म्हणतात, घरोघरी रायफली वाटायच्या का? मुळीच नाही. चार-पाच गावांत मिळून दोन-तीन माणसं निवडा. रायफल चौकीत ठेवा, परवानगी निघाली की द्या, काम झालं की परत घ्या. दर वर्षी कागदावर पाच गोळ्यांची परीक्षा, नापास झाला त्याचं नाव खाली. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणलं, त्याच रस्त्याने एक पाऊल पुढे. दादाच्या कागदावर जनावराचं नाव होतं, गट नंबर होता, तारीख होती. दादाला नेम धरता येतो का, हे विचारणारा रकाना नव्हता.

आणि हे नको असेल तर निदान परवानगीचं सोंग तरी बंद करा. कारण सरळ मार्ग अडला की माणसं काय करतात हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. कुंपणात वीज सोडतात, तिला चिकटून शेजारचाच माणूस जातो. डुकरासाठी फासकी लावतात, त्यात बिबट्या अडकतो. खाण्याच्या गोळ्यात दारू भरतात, जबडा फुटलेली गाय घरी येते. जंगल आणि जनावर यांची खरी काळजी असणाऱ्यांनी तरी नेमक्या गोळीला विरोध करू नये. ती एक गोळी या सगळ्यांपेक्षा दयाळू आहे.

शेजारच्या गृहस्थांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सर, त्या मुक्या जिवांना मारायचंच कशाला?" चांगला माणूस आहे, मनापासून बोलला. मी १९७६ साली इथे नोकरीला आलो तेव्हा आमच्या या इमारतीच्या जागी भातशेती होती, पावसाळ्यात रात्रभर बेडूक ओरडत. आज पूर्वेकडे तुंगारेश्वरचे डोंगर तेवढे दिसतात, तेही गच्चीवर गेलं तर. माणिकपुरात पीक राखायचा प्रश्न उरलाच नाही, कारण पीकच उरलं नाही. आपण जनावरांचं रानही घेतलं आणि शेतही घेतलं, एकही बार न काढता. तेव्हा कोकणातल्या शेतकऱ्याला दया शिकवायची आपली पात्रता जरा तपासून पाहायला हवी.

२०२४ साली कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला रायफलमध्ये कांस्यपदक आणलं तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. कागदावरच्या ठिपक्यासाठी इतकी अचूक रायफल आपल्याला मान्य आहे. जिवंत, दुखणाऱ्या जनावरासाठी मात्र ठासणी चालते!

पुतण्याने अर्ज केला आहे. मिळेल न मिळेल. दादाने ठासणी गेल्या निवडणुकीला ठाण्यात जमा केली, ती परत आणायला तो अजून गेलेला नाही. असो.