जागें होतांना दिलेली चिठ्ठी

संगणक सुरू करतांच पडदा काळा पडला, कीं घरांत घबराट उडते. वर्षानुवर्षांचे हिशेब व छायाचित्रें गेलीं असें वाटून, सर्व पुसून नव्यानें मांडावें, असा सल्लाहि कोणी देतो. परंतु तशी घाई करूं नये.

लायनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेलें लिनक्स हें ‘कर्नेल’, म्हणजे संगणकाच्या कारभाराचा गाभा होय. तें जागें होतांना ‘ग्रब’ नांवाचा लहानसा प्रोग्रॅम त्याच्या हातीं एका ओळीची चिठ्ठी देतो. मूळ फाइली कोणत्या डिस्कवर आहेत, आरंभींचे संदेश दाखवावे कीं गप्प राहावें, अशा आज्ञा तींत असतात.

ग्रबची यादी दिसत असतां इंग्रजी ‘ई’ची कळ दाबावी. ‘लिनक्स’ या शब्दानें सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटीं, थोडी जागा सोडून, ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजींत सलग लिहावा आणि कंट्रोल व एक्स या कळा एकदम दाबाव्या. पडद्याची जुळणी कर्नेलनें स्वतः करूं नये, असा त्याचा अर्थ. दोष तेथेंच असेल, तर पडदा उजळतो.

ही आज्ञा त्या एका वेळेपुरतीच असते. गुण आल्यावरच ती ग्रबच्या कायमच्या फाइलींत नोंदवावी.

मात्र याच चिठ्ठींतून परक्यासहि पासवर्डावांचून आंत शिरतां येतें. यास्तव ग्रबला निराळा पासवर्ड घालावा व डिस्क कूटबद्ध ठेवावी. उंबऱ्याशीं ठेवलेली किल्ली घरच्यांप्रमाणें चोरालाहि सांपडते.