फॉरमॅट मारण्यापूर्वी

संगणकावर नवी कार्यप्रणाली चढवावी आणि दुसऱ्याच दिवशी प्रिंटर मुका व्हावा किंवा आवाज बंद पडावा, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नियमित आधार संपला, आणि शाळा-महाविद्यालयांतून विंडोज ११ चढविण्याची घाई सुरू झाली. त्याबरोबर अशा तक्रारीही वाढल्या.

अशा वेळी कोणीतरी जाणकार हमखास येतो आणि म्हणतो, “फॉरमॅट मारा!” म्हणजे डिस्क पुसा आणि सर्व काही नव्याने बसवा. संगणक पुष्कळदा चालूही होतो. परंतु काय बिघडले होते ते कोणालाच कळत नाही, आणि डिस्कवरील नोंदी मात्र जातात. दुरुस्ती करणाऱ्याला दिवसभरात अनेक संगणक उरकावयाचे असतात, त्याला मी दोष देणार नाही. प्रणालीच्या फायलीच नासल्या असतील तर पुसण्यावाचून गत्यंतर नसते, हेही खरे. परंतु प्रयोगशाळेत हा पहिला उपाय असता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात बिघाड होतो कसा? कार्यप्रणाली ही संगणकातील कारभारी होय. पण प्रत्येक उपकरणाची भाषा तिला येत नाही. म्हणून मध्ये एक दुभाष्या लागतो, त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. (एस.टी.च्या ड्रायव्हरशी याचा संबंध नाही, हे मला एकदा वर्गात सांगावे लागले होते!) कारभारी बदलला की जुना दुभाष्या त्याला चालेलच असे नाही. कधी कधी तो स्वतःबरोबर नवा दुभाष्या आणतो आणि त्याला जुन्या उपकरणाची ओळख नसते. उपकरण धडधाकट, संगणक धडधाकट, आणि संभाषण मात्र बंद!

आमच्या महाविद्यालयात नेमके हेच झाले. निवणाऱ्या पाण्याचे तापमान दर १० सेकंदांनी संगणकात नोंदविणारा एक जुना तापमापक आमच्याकडे आहे. तो ज्या केबलने यूएसबीला जोडतात, तिच्या टोकाच्या फुगीर भागात एक छोटी चिप असते. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत संगणकावर नवी प्रणाली चढविली आणि सुट्टी संपल्यावर पाहतो तो एकही आकडा येईना. जुन्या प्रणालीकडे परतण्याची सोय साधारणपणे पहिले १० दिवसच असते. ते आम्ही सुट्टीत घालविले होते. एक सहकारी म्हणाले, तापमापक भंगारात काढा. दुसऱ्यांनी अर्थातच फॉरमॅट सुचविला. त्या डिस्कवर विद्यार्थ्यांची दोन वर्षांची निरीक्षणे होती, आणि सांगावयास लाज वाटते, त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

प्रथम आम्ही ती प्रत करून घेतली. मग द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हीच केबल जुन्या लॅपटॉपला लावून बघू का?” लॅपटॉपवर जुनीच प्रणाली होती. तेथे आकडे बिनचूक येऊ लागले. म्हणजे तापमापक व केबल दोन्ही निर्दोष. नंतर इलेक्ट्रॉनिक्स विभागातून निराळ्या चिपची केबल मागून आणली आणि ती नव्या प्रणालीच्या संगणकाला लावली. आकडे आले. म्हणजे संगणकही निर्दोष! दोष होता तो जुनी केबल आणि नवी प्रणाली या जोडीत. उपकरणांच्या यादीत त्या केबलपुढे पिवळा त्रिकोण दिसतच होता. चिप बनविणाऱ्याने नव्या ड्रायव्हरमधून आपल्याच जुन्या चिपांची ओळख काढून टाकली होती.

आता जुना ड्रायव्हर बसवावयाचा एवढेच उरले होते. आणि येथे मीच चूक केली. ड्रायव्हर बसत असतानाच उतावीळपणे मी प्रोग्राममधील वेग ९६०० वरून १९२०० केला. पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग लागली. ड्रायव्हरच सदोष आहे असे समजून मी सारी दुपार घालविली. शेवटी ती विद्यार्थिनी संकोचत म्हणाली, “सर, आपण दोन गोष्टी एकदम बदलल्या ना?” वेग पूर्ववत ९६०० केला आणि आकडे स्वच्छ दिसू लागले. एका वेळी एकच राशी बदलावी, असे वर्गात मी वीस वर्षे सांगत आलो आहे!

आठ दिवसांनी तापमापक पुन्हा बंद पडला. या वेळी पाच मिनिटे लागली. काय बदलले, केव्हा बदलले आणि काय दिसले, हे तिने वहीत लिहून ठेवले होते. प्रणालीने आपोआप अद्ययावत होताना नवा ड्रायव्हर परत आणला होता.

शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती आहे की, सर्व संगणकांवर एकाच दिवशी नवी प्रणाली चढवू नये. आधी फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. मग एकाच संगणकावर प्रणाली चढवून प्रिंटर, प्रोजेक्टर, तापमापक असे सारे आठवड्याच्या आत त्यावर चालवून पाहावे. न बदललेले संगणक तुलनेसाठी हाताशी राहतात. दुसरे असे की, आपल्या जर्नलमध्ये फक्त नीटनेटक्या निरीक्षणांनाच जागा असते. बिघाड शोधल्याचे पान कोणी लावीत नाही, कारण त्याला गुण नाहीत. ते द्यावेत. ‘हे अभ्यासक्रमात कोठे आहे?’ असे कोणी विचारील. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात सैल झालेली तार शोधताना आपण दुसरे काय करतो?

त्या विद्यार्थिनीचे वहीतले पान मी तिच्या जर्नलमध्ये लावून घेतले. तापमापकाला आता निराळ्या चिपची नवी केबल आहे. जुनी केबल आम्ही फेकलेली नाही. ती कपाटाच्या खालच्या खणात आहे आणि तिला चिठ्ठी बांधली आहे: ‘चांगली आहे. फक्त जुन्या लॅपटॉपला लावावी.’