मध विका, शुगरचं औषध म्हणून नको

नाहूर-मुलुंडच्या सोसायटी ग्रुपवर मध विकताय? मग हा प्रश्न हमखास येतो: "दादा, शुगरवाल्यांना चालतो का?" ऑर्डर जाऊ नये म्हणून आपण टाइप करतो, "चालतो काय, शुगर उतरते!" माझं स्पष्ट मत आहे, हे वाक्य धंद्यातून काढून टाका.

मधात साधारण 80 टक्के साखरच असते. चहाच्या एका चमच्यात जवळपास 6 ग्रॅम. जांभळाचा मध तर खास 'डायबेटिसवाला' म्हणून खपवतात. अहो, तो जांभळाच्या फुलांतल्या मकरंदाचा मध, बियांची पावडर नव्हे! प्रोपोलिसवर, म्हणजे माश्या पोळ्याच्या फटी बुजवतात त्या चिकट पदार्थावर, छोट्या चाचण्या झाल्यात. काहींत उपाशीपोटीची साखर थोडी उतरली. पण तुमच्या बाटलीत मध आहे, प्रोपोलिस नाही. आणि गोळ्यांची जागा दोन्ही घेत नाहीत. तुमच्या शब्दावर कुणा काकांनी गोळी बंद केली तर?

कायदाही बघा. 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीत मधुमेह आहे. त्यावर उपाय म्हणून जाहिरात चालत नाही, लेबलसुद्धा जाहिरातच. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे.

विकायला खरी गोष्ट आहे की! महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये 'मधाचं गाव' झालं. तुमचा मध कुठल्या गावचा, कुठल्या फुलाचा, कधी काढला, ते लेबलवर लिहा. आणि त्या प्रश्नाला उत्तर पाठवा: "काका, यात साखर आहे. डॉक्टरांना विचारून मगच घ्या."