रोशाचा गंध, गुलाबाचे नाव

सातपुड्याच्या उतारांवर पावसाळा सरता सरता जे उंच, तुरेदार गवत डोलू लागते, त्यास रोशा म्हणतात. त्याचा तुरा चुरडून हुंगावा, तो गुलाबाची आठवण व्हावी. हा भास नव्हे. गुलाबाच्या सुवासात जिरॅनिऑल नावाचे जे द्रव्य असते, तेच या गवताच्या ‘मोतिया’ जातीच्या तेलाचा मुख्य घटक होय. 1871 साली याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तेही भारतातून गेलेल्या गवती तेलातून. नाव मात्र पडले जिरॅनियमचे!

व्यापाराची कथाही याच चालीची. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादे, तळोदे, अक्राणी या खानदेशी मुलखातील भट्ट्यांचे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्थानात जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळले जाई. नफा अत्तराच्या पेठेत राही; गवत कापणाऱ्याच्या हाती केवळ मजुरी पडे.

आज खानदेशचा तरुण तापीच्या काठाकाठाने सुरतेस जातो. उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर वा इच्छापोर-हजिऱ्याकडील कारखान्यांत काम शोधतो. कष्टाची भाकरी कोठेही खावी, त्यात कमीपणा नाही. परंतु गावच्या डोंगरावर धन उभे असता पोटासाठी परमुलूख गाठावा लागणे, हे भूषणावह खचितच नाही.

जिरॅनिऑल आता टर्पेंटाइनपासूनही बनते, मग रोशास कोण विचारतो, असे कोणी म्हणेल. तथापि रोशाच्या तेलात जिरॅनिल ॲसिटेट, लिनालूल यांसारखी इतर द्रव्येही असतात. त्या मेळातली गोडी एकट्या रसायनास येत नाही. म्हणूनच अत्तरे व साबण बनविणारे आजही हे तेल घेतात. मात्र मोतियात हलकी ‘सोफिया’ जात मिसळली की मालाची पत गेलीच.

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासीयांची मालकी मान्य केली आहे. ती कागदावर राहू नये. ग्रामसभांच्या हाती स्वच्छ भट्टी, तालुक्याच्या गावी तेल पारखणारी प्रयोगशाळा आणि खरेदीदाराशी थेट व्यवहार, या तीन गोष्टी सरकारने मनावर घेतल्यास अशक्य नाहीत. स्वराज्याचा अर्थ आम्ही असाच समजत आलो की, ज्याच्या रानात सुगंध उपजतो, त्याच्या घरीही त्याचा दरवळ पोचला पाहिजे.