शेजाऱ्याला समजावून सांगा

बाळांनो, नर्सिंग शिकताना आम्ही जे मैत्रिणीला समजावून सांगायचो, तेच डोक्यात पक्कं बसायचं. कॉम्प्युटरचंही तसंच. अमेरिकेत सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात काही प्राध्यापकांनी कॉम्प्युटरच्या वर्गात नुसतं भाषण देणं सोडलं. आधी प्रश्न, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्यांशी बोलून पुन्हा द्यायचं. शेवटी सर उलगडा करणार. २०१३ साली चार विषयांचा हिशेब त्यांनी छापला: नापासांचं प्रमाण सरासरी २० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं.

गप्प बसलेल्या पेशंटचं दुखणं वाढतं, तसंच विद्यार्थ्याचं. तेव्हा नातवंडांनो, समजलं नाही तर शेजाऱ्याला विचारा. आणि आजी-आजोबांनो, नातू कॉम्प्युटरचं सांगू लागला तर "आम्हाला काय कळतंय त्यातलं" म्हणून उठू नका. ऐका. अभ्यास त्याचाच होतो.