राणीच्या नाण्यावर विश्वास किती ठेवावा?



"रोमन नाणी जमवायची तर सम्राटांची जमवा, राण्यांची कशाला?" असे आपल्याच वर्गातल्या एका पालकांनी मला चहाच्या सुट्टीत विचारले. तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते इथे देतो.

माझ्या मते मुलांनी सुरुवात राण्यांपासूनच करावी. सम्राटांची रांग पुरी करण्यात यादी भरल्याचे समाधान असते (मी संगणकवाला, याद्यांचा मोह मलाच जास्त!). राणीचे नाणे मात्र वाचावे लागते, आणि वाचताना त्यावर संशयही घ्यावा लागतो.

ज्युलिया डॉम्नाचेच पाहा. ही सीरियातल्या एमेसाची, म्हणजे आजच्या होम्सची. नवरा सेप्टिमियस सेव्हेरस. २०८ साली दोघे ब्रिटनमध्ये आली आणि फेब्रुवारी २११ मध्ये तो आपल्या इथल्या यॉर्कमध्ये वारला. तिचा चांदीचा दिनारियस (संस्कृतातला 'दीनार' याच शब्दावरून आला) साधारण पेनीएवढा, वजनाला तीनेक ग्रॅम. नवरा होता तोवर बहुतेक नाण्यांवर 'युलिया ऑगस्टा' एवढेच असे. तो गेल्यावर झाले 'युलिया पिया फेलिक्स ऑगस्टा'. फेलिक्स म्हणजे भाग्यवान. त्याच वर्षाच्या अखेरीस थोरल्या काराकालाने धाकट्या गेटाला आईच्या कुशीतच मारवले. तिला रडण्याचीही मुभा नव्हती, असे त्या काळचा इतिहासकार डिओ लिहितो. आणि तिला भाग्यवान म्हणणारी नाणी पाडली जात होती ती याच थोरल्या मुलाच्या राज्यात!

तिची सून प्लॉटिला. २०२ साली काराकालाशी लग्न झाले. नाण्यावर नवराबायको हातात हात घेऊन उभी आहेत आणि भोवती अक्षरे आहेत, 'कॉन्कॉर्डिए एटर्ने', म्हणजे अखंड एकोपा. प्रत्यक्षात त्याला ती डोळ्यांसमोर नको असे. २०५ मध्ये तिच्या वडिलांना मारले, तिला लिपारी बेटावर धाडले आणि सासरा गेल्यावर नवऱ्याने तिलाही मारवले. हे ऐकून माझ्या मुलीने विचारले, "बाबा, नाणं काढताना तिला कुणी विचारलं होतं का?"

टांकसाळ सम्राटाची, तेव्हा नसेलच विचारले. म्हणून नाणे टाकाऊ ठरत नाही. लोकांनी काय मानावे असे दरबाराला वाटत होते, ते त्यातून कळते. शाळेच्या पुस्तकात हा प्रश्न मुलीने कधी विचारला नव्हता.

आता खर्चाचे. डॉम्नाची नाणी भरपूर सापडतात, त्यामुळे झिजलेले एखादे घरच्यांच्या बाहेरच्या एका जेवणाच्या पैशांत मिळू शकते. चकचकीत दिसते म्हणून घेऊ नका. एका नाणेमेळ्यात मी तसे घेतले आणि घरी भिंग लावल्यावर कडेला साच्याची रेघ दिसली. नाणे कुठून आले ते पावतीवर लिहून मागा, आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला तर पुढच्या टेबलाकडे चला. इंग्लंडमध्ये अशी जुनी चांदीची दोन नाणी जरी एकत्र सापडली तरी १९९६ च्या कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत कळवावी लागतात. गुपचूप विकलेले नाणे कुठल्या शेतात, कशाबरोबर होते, हे मग कुणालाच कळत नाही. आणि हो, घरी आणून चिंचेने घासू नका!

मी आमची नाणी सम्राटांच्या क्रमाने लावली होती. मुलीने प्लॉटिलाला काराकालाशेजारून काढून सासूच्या कप्प्यात ठेवले आहे. ते अजून तिथेच आहे.