जुगाड नव्हे, अवजार!



भंगारातल्या सायकलचे पुढचे चाक, धरायला दांडा आणि चाकामागे बोल्टाने आवळलेली पास. झाला सायकल डवरा! शहरातला पाहुणा त्याचा फोटो काढतो आणि म्हणतो, "काय जुगाड केलाय!"

आमचा आक्षेप या शब्दाला आहे. जुगाड म्हणजे कशीबशी वेळ मारून नेणे. डवऱ्यात हिशेब आहे. भार चाकावर जातो, हातावर येत नाही. चाक अरुंद, म्हणून कपाशीच्या दोन ओळींतून झाड न दुखावता निघते. पास वरखाली करता येते. चालवणारा उभ्याने चालतो. निंदणाऱ्या बाईसारखी त्याची कंबर दिवसभर मोडत नाही. वाफसा असावा, तण कोवळे असावे, एवढीच त्याची अट. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' हे आपले वाडवडील सांगत आले. भेगा बुजल्या की ओल टिकते. कोरडवाहूवाल्याला याहून मोठे सिंचन कोणते?

ही कल्पकता हौसेतून आलेली नाही. बैलजोडी वर्षभर खाते, काम काही आठवड्यांचे. त्यात 2015 च्या कायद्याने थकलेला बैल कसायाला विकण्याची वाटही बंद केली. तोट्याच्या शेतीने पेच टाकला, शेतकऱ्याने तो लोहाराच्या भात्याजवळ बसून सोडवला.

गुजरातेत हेच घडले. अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावचे मनसुखभाई जगाणी यांनी 1994 साली बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढले, तिथे दोन चाकांचा सांगाडा बसवला आणि त्याला औत जोडले. दुष्काळी सौराष्ट्रात बैल मिळेनात, ट्रॅक्टर परवडेना. त्यातून ही 'बुलेट सांती' झाली. पुढे तिचे पेटंटही निघाले.

आपल्याकडे काय होते? गावचा लोहार अवजार घडवतो, शेतकरी ते सुधारतो, आणि नाव कुठेच राहत नाही. सरकारी अनुदान मिळते ते चाचणीचा दाखला असलेल्या अवजाराला. तो दाखला मिळवायला लोहाराकडे ना पैसा, ना वेळ.

तेव्हा कायदा नीट समजून घ्या. नव्या अवजाराचे पेटंट घ्यायचे असेल, तर अर्ज करण्याआधी ते चारचौघांत दाखवू नका, कुठे छापू नका. नाहीतर नवेपणाचा हक्क जातो. पेटंट मिळाले तर अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे चालते. अशा शेतकऱ्यांना मदत करण्यासाठी 2000 साली गुजरातेत राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान स्थापन झाले आहे. त्यांना गाठा.

पेटंट नको असेल, तर उलट करा. अवजाराचे चित्र काढा, मापे लिहा, करणाऱ्याचे नाव आणि तारीख घाला, आणि उघडपणे छापा. एकदा ते जाहीर झाले, की उद्या कोणी कंपनी तेच अवजार 'आमचा शोध' म्हणून आपल्यालाच विकू लागली, तर तिला जाब विचारता येईल.

दोन्हींपैकी कोणती वाट धरायची, ते ज्याने डोके चालवले त्याने ठरवावे. गप्प बसणे ही मात्र तिसरी वाट नाही. कापसाचा भाव दुसरा ठरवतो, ज्वारीचा भाव दुसरा ठरवतो. निदान आपल्या अकलेचा भाव तरी आपण ठरवू या.